एक दिवस उशिरा

पुलापासून वर अकरा किलोमीटर.
नकाशावर ही रेघ
कुणीतरी झोपेत काढल्यासारखी.
डेल्फिना म्हणते, नकाशा काय बघतोस,
चढ पायांनी वाचायचा असतो.

ती एकसष्ट वर्षांची. चौतीस वर्षं
याच रस्त्यानं तिनं टपाल नेलं,
आधी सायकलवर, मग खात्यानं दिलेल्या स्कूटरवर,
आणि निवृत्त झाल्यावर, कुणी सांगितलं नसताना,
पुन्हा सायकलवर.
मी औषधांच्या दुकानात उभा राहून जाडावलेला माणूस.
माझी सायकल कार्बनची, तिची लोखंडी;
तरी पहिल्या वळणापाशीच
मला तिची पाठ दिसायला लागते.

चेस्टनटची सावली संपली की ऊन
थेट मानेवर. गिअर संपतात.
छातीचा भाता होतो,
आणि वर, कड्यावर, तो किल्ला,
दर वळणाला जरा डावीकडे सरकणारा,
जवळ मात्र यायला तयार नाही.
ज्यांनी तो बांधला त्यांना ठाऊक होतं:
शत्रूला मारायची गरज नाही,
रस्ता नीट वाकवला की पुरे.
तो वर पोचेल तेव्हा
तलवार उचलायला त्याच्या हातात हात उरणार नाही.
आठशे वर्षांनी मी
त्यांच्या हिशेबात अचूक बसतो.
जंगीतून कुणी पाहत असेल तर त्याला दिसेल
एकटा शत्रू, घट्ट चड्डीत,
पाण्याची बाटली रिकामी.

डेल्फिना वळणांना नावांनी ओळखते.
हे एर्मेलिंदाचं पेन्शन.
हे गुस्मानोला बेल्जियमच्या खाणीकडून
कधीच न आलेलं भरपाईचं पत्र.
आणि हे नुसत्या विजेच्या बिलांचं,
म्हणून सगळ्यांत जड.

नवव्या किलोमीटरला रस्ता उठून उभाच राहतो.
मी उतरलो.
लाज मला वाटली, पोटऱ्यांना नाही.
ती उतरली नाही.
पॅडलवर उभी, खांदे डावीकडे, खांदे उजवीकडे,
सायकल कण्हतेय आणि ती गप्प,
पाठीवर अजून ती पिशवी असल्यासारखी.

वर गाव. माणसं अकरा, मांजरं मोजलेली नाहीत.
दरवाज्याच्या कमानीत कुणाचे तरी मोजे वाळत घातलेले.
किल्ल्याची किल्ली झेलिंदाच्या ॲप्रनच्या खिशात.
आत काय आहे? कबुतरं.
एक युरो.
पूर्वी सरदार जकात घ्यायचा, ती म्हणाली,
आता मी घेते. तो घोड्यांचीही घ्यायचा,
मी सायकली सोडते.

कारंज्याच्या कठड्यावर बसून
डेल्फिनानं बूट काढले आणि सांगितलं,
मी काही विचारलं नव्हतं:
एका फेब्रुवारीत, गारठ्यात, पाऊस आणि बर्फ एकत्र पडताना
त्या नवव्यावरून मी मागे फिरले.
पिशवीत एकच पत्र होतं, अमेरिगोचं.
म्हटलं, एका पत्रासाठी काय.
दुसऱ्या दिवशी तो फाटकापाशीच उभा.
शाई पुसटलेली का ते त्यानं विचारलं नाही.
रोज मला पाण्याचा पेला द्यायचा, काठोकाठ;
त्या दिवशी अर्धा दिला.
नंतर पुन्हा काठोकाठ, मरेपर्यंत.
पण त्या वळणावर मी पुन्हा कधी उतरले नाही.

पत्रात काय होतं?
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी गिऱ्हाइकांकडे पाहतो,
शेजाऱ्याची गोळी कशाची म्हणून विचारतात तेव्हा.

निघताना तिनं अमेरिगोच्या पेटीचं झाकण
सवयीनं उचललं.
आतून एक गांधीलमाशी निघाली,
जराशी घुटमळली, गेली.

मग उतार. डोळ्यांत वारा, दातांत चिलट,
किल्ला पाठीमागे, म्हणजे नाहीच.
जिथं मी सायकल ढकलत वीस मिनिटं घालवली
ते वळण शिंकेएवढ्या वेळात आलं.
तिथं तिनं घंटी वाजवली.
एकदाच.
समोर कुणी नव्हतं.